वस्त्रगाळ करा, मगच अंगाला लावा: स्वयंपाकघरातलं स्क्रब

घरी स्क्रब करायचं म्हटलं की प्रत्येकीचा पहिला प्रश्न असतो, "त्यात काय काय घालायचं?" माझं उत्तर ठरलेलं आहे. काय घालायचं ते नंतर बघू, आधी ते चाळणार कशातून ते सांगा.

सांगलीत आमची पिठाची गिरणी आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी गल्ल्यावर बसते आणि चक्कीवरही उभी राहते. पीठ चिमटीत धरलं की ते किती बारीक उतरलंय हे न बघता कळतं. दिवाळी जवळ आली की चकलीच्या भाजणीच्या मोठ्या डब्यांमागून मसूर डाळीच्या पिशव्या पुढे येतात, "काकू, हे उटण्याचं, एकदम बारीक द्या." आणि वर्षभर अधूनमधून कॉलेजच्या मुली मोबाइलवर बघितलेली कृती दाखवून विचारतात, हे चेहऱ्याला चालेल का. त्या सगळ्यांना जे तोंडी सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

माझं म्हणणं असं आहे की डाळ मसुराची की हरभऱ्याची, हळद घालायची की नाही, यापेक्षा पिठाचा बारीकपणा, ते किती वेळ भिजलं आणि हात किती हलका चालला यावर त्वचेचं बरंवाईट ठरतं. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. तो आपोआप झडतच असतो. खालच्या थरात तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला तरुण वयात साधारण महिनाभर लागतो, वय वाढलं की जास्त. स्क्रबने करायचं ते एवढंच, की जे सुटायला आलं आहे ते सोडवायचं आणि चेहऱ्यावरचं तेल, धूळ पिठात धरून उतरवायची. चेहऱ्यावर हा मृत थर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. त्यावर रवाळ, टोकदार कण जोर लावून घासले तर मृत थर जातो आणि त्याखालचं जिवंत कातडंही दुखावतं. मग दुसऱ्या दिवशी तोंड धुताना आग होते आणि दोष बिचाऱ्या हळदीला दिला जातो.

सामान

एका घराला महिना-दीड महिना पुरेल एवढं कोरडं मिश्रण करायला लागतं ते असं: मसूर डाळ एक वाटी, तांदूळ दोन मोठे चमचे, हळद पाव चहाचा चमचा. बस. चंदन, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला-कचोरा ही दिवाळीच्या उटण्याची मंडळी काष्ठौषधीच्या दुकानातून आणावी लागतात. त्यांचा सुवास मला फार आवडतो, पण नेहमीच्या स्क्रबला त्यांची गरज नाही.

मसूर डाळच का, तर ती दळायला मऊ. सालं काढलेली असते, दाणा चपटा असतो, दगडाखाली किंवा पात्याखाली चटकन फुटते आणि पीठ एकसारखं उतरतं. हरभरा डाळ कठीण असते, तिचं पीठ ओलं झालं की चिकट होतं, गुठळ्या धरतं आणि चेहऱ्यावर चटकन वाळून ताणतं. तेलकट त्वचेच्या मुलींना बेसन चालतं, आमच्याकडे येणाऱ्या काही जणी तेच वापरतात, माझी हरकत नाही. पण कोरड्या चेहऱ्याला मसूर बरी. दोन्ही डाळींमध्ये सॅपोनिन नावाचा फेस आणणारा घटक थोडा असतो. डाळ शिजताना वर जो फेस येतो त्यात त्याचाही वाटा असतो. म्हणून तर साबण घरोघरी येण्याआधी डाळीचं पीठ अंगाला लावायची रीत होती.

तांदूळ मात्र जपून. तांदळाची पिठी कितीही बारीक दळा, बोटांना किंचित खरखरीत लागतेच. तो खरखरीतपणाच आपल्याला थोडा हवा असतो, म्हणून दोन चमचे. कातडी फार कोरडी, नाजूक असेल किंवा पन्नाशी उलटली असेल तर तांदूळ सरळ वगळा.

हळद आमच्या गावचं भूषण. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथून जवळच हरिपूरला जमिनीत खोल खणलेल्या पेवांमध्ये हळकुंडं साठवून ठेवत, २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं खराब झाली. हे सगळं अभिमानाने सांगूनही मी म्हणेन की स्क्रबमध्ये हळद चिमूटभरच घाला. जास्त हळदीने जास्त गुण येत नाही, जास्त डाग पडतात. सुटी, रंग गडद दिसणारी पूड नका घेऊ. स्वस्त पुडीत बाहेरचा रंग मिसळलेला असू शकतो, तो पोटातही नको आणि तोंडावरही नको. हळकुंडं आणून कांडपावर दळून घेतलेली, जी आमटीत घालता तीच हळद वापरा. आंबेहळद वेगळी, तिला कच्च्या कैरीचा वास येतो. ती घरात असेल तर चालते, मुद्दाम आणायची गरज नाही.

दळण

डाळ ताटात पसरून निवडा. मसुरात बारीक खडा हमखास सापडतो, आणि तो दळला गेला तर चेहऱ्यावर काय करेल हे सांगायला नको. मग डाळ आणि तांदूळ एकदा भरभर पाण्यातून काढा, चोळत बसू नका. दुकानातल्या डाळीला कधी चकाकीसाठी तेलाचा हात असतो, तो थोडाफार निघतो. स्वच्छ पंचावर पसरून पंख्याखाली, नंतर उन्हात वाळवा. वाळली का हे बघायला एक दाणा दाताखाली धरा. कट् असा आवाज येऊन तुटला पाहिजे, दबला तर आणखी एक दिवस ऊन द्या. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा कढईत अगदी मंद आचेवर हाताला चांगली गरम लागेपर्यंत हलवा. रंग बदलू द्यायचा नाही, आपल्याला भाजणी करायची नाही.

एवढ्या थोड्या डाळीसाठी गिरणीत येऊ नका, हे मी गिरणीवालीच सांगते. वाटीभर पीठ दगडांमध्ये आणि पीठ पडतं त्या कापडी नळीतच अडकून बसतं, आणि तुमच्या डब्यात आधीच्या दळणाचं पीठ जास्त जातं. चार-पाच मैत्रिणी मिळून किलो-दोन किलो डाळ आणत असाल तर जरूर या, पण तीन गोष्टी विचारा. आधी कसलं दळण झालं, हे पहिलं. ज्वारी किंवा तांदूळ झाले असतील तर उत्तम. दुसरं, चक्कीच्या दगडांना टाकी कधी लावली, म्हणजे छिन्नीने खाचा पाडून ते धारदार कधी केले. नुकतीच लावली असेल तर पहिल्या दळणात दगडाची कच उतरते. आम्ही टाकी लावल्यावर आधी कोंडा किंवा हलकं धान्य फिरवून ते गुरांना टाकतो, पण सगळीकडे तसं होतंच असं नाही. तिसरं, मिरचीचं कांडप त्याच यंत्रावर होतं का. होत असेल तर दुसरी गिरणी बघा.

घरच्या मिक्सरलाही मिरचीचा हाच नियम. ज्या भांड्यात लाल तिखट किंवा काळा मसाला होतो त्यात चेहऱ्याचं पीठ दळायचं नाही. मिरचीतला झणका तेलात विरघळणारा असतो, नुसत्या पाण्याने विसळून तो जात नाही. झाकणाच्या रबरी रिंगेत आणि पात्याच्या खाली तो दडून बसतो. दुसरं भांडं नसेलच तर साबणाने घासून, पूर्ण वाळवून, त्यात मूठभर तांदूळ फिरवून ते टाकून द्या आणि मग डाळ घाला.

मिक्सर सलग चालवू नका. दहा-पंधरा सेकंद फिरवा, थांबा, कडेचं पीठ चमच्याने खाली लोटा, पुन्हा फिरवा. दळलेलं पीठ गरम असतं. गरम पीठ डब्यात भरलं की झाकणाला आतून घाम येतो, त्याच्या गुठळ्या होतात आणि मग बुरशी. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. स्टीलच्या ताटात पातळ पसरून पूर्ण गार होऊ द्या.

चाळणं

आता मुख्य काम. आधी मैद्याच्या चाळणीने चाळा. चाळणीत जे रवाळ राहील ते पुन्हा मिक्सरमधून काढा आणि पुन्हा चाळा. इथे बहुतेक जणी थांबतात. तुम्ही थांबू नका.

जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड घ्या. मलमलचा तुकडा, जुन्या धोतराचा पदर, सुती साडीचा काठाशिवायचा भाग, काहीही. मोठ्या तोंडाच्या पातेल्यावर ते पसरा, मध्ये थोडा झोल राहील असं सैल ठेवा आणि पातेल्याच्या गळ्याला सुतळीने बांधा. झोलात तीन-चार चमचे पीठ घाला. आता बोटांच्या टोकांनी कापडावर हलक्या टिचक्या मारत राहा. हाताने पीठ दाबून घासायचं नाही, दाबलं की जाड कणही कापडातून ढकलले जातात आणि सगळी मेहनत वाया. टिचकीने पीठ धुरासारखं खाली उतरतं. पंखा बंद ठेवा, नाकाला रुमाल बांधा. एका वाटीला अर्धा तास सहज जातो. या कामाला घाई चालत नाही, रेडिओ लावून बसा.

खाली पडलेलं ते वस्त्रगाळ पीठ चेहऱ्यासाठी. कापडावर राहिलेला चाळ वेगळ्या डबीत, तो कोपरं, गुडघे आणि पायांसाठी. फेकायचं काहीच नाही.

बारीक झालं का हे बोटांनी तपासू नका, स्वयंपाक करणारी बोटं निबर असतात. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे नाडी बघतात तिथे, चिमूटभर पीठ पाण्याच्या थेंबात कालवून चोळा. टोचल्याची जाणीव झाली तर आणखी एकदा कापडातून काढा. नुसती गुळगुळीत सरक लागली की पीठ झालं. शेवटी हळद घालून तेच पीठ आणखी एकदा मैद्याच्या चाळणीने चाळा म्हणजे हळद सगळीकडे सारखी लागते.

हे मिश्रण कोरडंच ठेवायचं. काचेच्या कोरड्या बरणीत, घट्ट झाकणाने, न्हाणीघरापासून लांब. चमचा आतच टाकून ठेवा आणि तो ओल्या हाताने धरू नका. उन्हाळ्यात-हिवाळ्यात दीड-दोन महिने छान राहतं, पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा. जाळी धरली, पोरकिडे दिसले, वास कुबट झाला तर लगेच टाकून द्या, चाळून पुन्हा वापरायचं नाही. दही, साय, पाणी घालून ओलं केलेलं स्क्रब मात्र त्या वेळेपुरतंच. विकतच्या बाटलीत ते टिकावं म्हणून संरक्षक द्रव्यं घातलेली असतात, आपल्या वाटीत ती नाहीत. ओलं पीठ फ्रिजमध्येही आंबतं आणि त्यात जंतू वाढतात. दोन दिवसांचं एकदम कालवून ठेवू नका.

कालवणं आणि लावणं

चेहरा आणि मानेसाठी दोन चहाचे चमचे पीठ पुरतं. त्यात काय कालवायचं ते तुमच्या त्वचेवर आणि हवेवर आहे. थंडीत, ओठ फुटायच्या दिवसांत, किंवा विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत एक चमचा साय. तेलकट चेहरा असेल, कोकणातली किंवा मुंबईची दमट हवा असेल तर ताजं, आंबट न झालेलं दही. दह्यात लॅक्टिक आम्ल असतं, ते मृत पेशींना धरून ठेवणारं बंधन हलकेच सैल करतं, त्यामुळे दह्यात कालवलं की आणखीच कमी चोळावं लागतं. दूध घ्यायचं तर तापवून गार केलेलं घ्या. कच्चंच दूध हवं असा आग्रह पुष्कळ जणींचा असतो, पण कच्च्या दुधात जंतू असतात आणि चेहऱ्यावर एखादी तरी पुटकुळी, ओरखडा असतोच. तापवलेल्या दुधाने काही कमी होत नाही. यातलं काहीच नको असेल तर साधं पाणी आणि खोबरेलाचे चार थेंब.

हळद आणि साय एकत्र का, यालाही कारण आहे. हळदीतला पिवळा घटक, कुरक्यूमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. सायीत कालवलेली हळद सारखी पसरते, पाण्यात कालवलेली भुवयांत आणि केसांच्या रेषेशी पिवळी अडकून बसते. ती अडकलीच तर साबण लावू नका, साबणाच्या क्षाराने हळद लालसर होते. कापसावर खोबरेल घेऊन पुसा. पंचाला डाग पडला तर धुऊन कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

दाटपणा भज्यांच्या पिठाइतका हवा. कालवलं की लगेच लावू नका, पाच मिनिटं झाकून ठेवा. ही पाच मिनिटं फार मोलाची आहेत. कोरडा कण कडक असतो, भिजला की फुगतो, त्याच्या कडा मऊ होतात. तेवढ्यात कोमट पाण्याने तोंड धुऊन घ्या, केस मागे बांधा. कोरड्या त्वचेवर आधी तिळाच्या तेलाचा किंवा खोबरेलाचा एक-दोन थेंबांचा हात फिरवा. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात आधी तेल आणि मग उटणं लावतात ना, तो क्रम अगदी बरोबर आहे. तेलामुळे पीठ सरकतं, ओरबाडत नाही.

आता मधलं आणि अनामिका ही दोन बोटं. तर्जनी आणि अंगठ्याने आपोआप जोर पडतो म्हणून ती नकोत. हनुवटीपासून गालाकडे, नाकाच्या कडेने, कपाळावर, लहान गोल फिरवत जा. बोटाखालची कातडी हलता कामा नये, फक्त पीठ हललं पाहिजे. डोळ्यांभोवती आणि ओठांवर नाही. सगळा चेहरा मिळून एक मिनिट, त्याहून जास्त नाही. मळाच्या वळ्या निघेपर्यंत चोळायची सवय पुष्कळांना आहे. त्या वळ्यांत पिठाचाच भाग मोठा असतो, त्या बघून खूश होऊन आणखी चोळू नका.

लेपासारखं ठेवून पूर्ण वाळू देऊ नका. वाळलेलं डाळीचं पीठ कातडी ओढतं आणि काढताना खरवडावं लागतं. कडेने वाळायला लागलं की ओला हात लावून सैल करा आणि कोमट पाण्याने धुवा. गरम पाणी नको, गरम पाण्याने पीठ चिकट होतं आणि त्वचाही कोरडी पडते. मऊ सुती पंचाने टिपा, पुसू नका, आणि चेहरा ओलसर असतानाच तुमचं नेहमीचं मॉइश्चरायझर लावा.

वेळ संध्याकाळची किंवा रात्रीची ठेवा. चोळलेली त्वचा उन्हाला लगेच लाल होते. दुसऱ्या दिवशी बाहेर पडताना सनस्क्रीन लावा. चेहऱ्याला आठवड्यातून एकदा, अंगाला फार तर दोनदा. रोज नको.

उरलेला चाळ, कोंडा आणि साखर

कापडावरचा जाडसर चाळ दह्यात कालवून कोपरं आणि गुडघ्यांना लावा. आंघोळीच्या शेवटी, कातडी भिजून मऊ झाल्यावर.

टाचांसाठी साखर आणि खोबरेल, दोनास एक. साखर मिक्सरमध्ये एकदाच फिरवून टोकं मोडून घ्या. साखरेचं बरं असं की पाण्याने ती विरघळते, त्यामुळे जास्त वेळ चोळलं जात नाही. मीठ झोंबतं, भेगांना तर फारच. भेगांतून रक्त येत असेल तर साखरही नको, आणि मधुमेह असलेल्यांनी पायांना कसलंच खरखरीत काही लावू नये. पायांची जाणीव कमी झालेली असू शकते, मग जखम झालेली कळत नाही. ओठांना पिठीसाखर आणि साजूक तूप, करंगळीने दोन-चार वेळा फिरवून पुसून टाका.

आणि एक गोष्ट जी गिरणीत ढीगभर असते, पण तिची आठवण कुणी काढत नाही: गव्हाचा कोंडा. कणीक चाळून उरलेला घरचा कोंडाच घ्या. दोन मुठी कोंडा सुती रुमालात बांधून पुरचुंडी करा, कोमट पाण्यात बुडवून पिळा. आतून दुधाळ, बुळबुळीत पाणी येतं. त्या पुरचुंडीने हलक्या हाताने अंग पुसा. कण कापडाच्या आत राहतात, त्वचेवर येतो तो नुसता मऊपणा. माझ्या सासूबाईंची कातडी आता कागदासारखी पातळ झाली आहे, त्यांना मी दुसरं काहीही लावत नाही. एकदा वापरलेला कोंडा कुंडीत टाका, पुन्हा बांधून ठेवू नका.

जे मी कुणालाच करू देत नाही

लिंबू. "अर्धं लिंबू साखरेत बुडवून तोंडाला चोळा" ही कृती सगळीकडे फिरते. लिंबाचा रस त्वचेच्या मानाने फार आम्लधर्मी असतो. त्याहून वाईट म्हणजे लिंबाच्या रसात आणि सालीत असे घटक असतात की ते लागलेल्या जागी ऊन पडलं तर त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. डाग घालवायला लावलेल्या लिंबाने डाग पडतात. लिंबू सरबताला ठेवा.

खायचा सोडा. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, साधारण ४.५ ते ५.५ पीएचची. सोडा तिच्या उलट, क्षारधर्मी. चोळल्यावर पहिल्या दिवशी चेहरा गुळगुळीत लागतो, पण चार दिवसांनी कोरडा पडून खाजतो.

दालचिनी, लवंग, मिरपूड यांची पूड मुळीच नको, आग होते.

अक्रोडाची टरफलं. मध्यंतरी एक कॉलेजची मुलगी पिशवीभर टरफलं घेऊन आली, "काकू, दळून द्या ना, स्क्रबला लागतात." मी तिला एक टरफल फोडून त्याचा चुरा भिंगाखाली दाखवला, आमच्याकडे गहू तपासायला भिंग असतं. काचेच्या चुऱ्यासारख्या कडा. भिजवलं तरी ते मऊ होत नाही, डाळ आणि टरफल यांतला मुख्य फरक हाच. तिने निमूट पिशवी उचलली आणि जाताना पाव किलो मसुराचं पीठ घेऊन गेली.

तान्ह्या बाळाला डाळीचं पीठ चोळणं, लव काढायला पिठाचा गोळा फिरवणं, हेही नको. घरातल्या मोठ्या बायका प्रेमानेच करतात, मला माहीत आहे, म्हणून त्यांना हे प्रेमानेच सांगावं लागतं. बाळाची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते, पिठाने ती सोलवटते. जन्माची लव आपोआप गळते. बाळाला नुसता तेलाचा हलका हात पुरे.

पिकलेल्या पुटकुळ्या, इसब, गजकर्ण, उन्हाने भाजलेली त्वचा, नुकतंच केलेलं वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग, यावर स्क्रब नाही. डॉक्टरांनी मुरुमांसाठी रेटिनॉइडचं मलम दिलं असेल तर त्यांना विचारल्याशिवाय काही चोळायचं नाही. गोरं करणारी म्हणून मिळणारी क्रीमं बरेच दिवस लावली असतील तरीही आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असतं आणि त्याने कातडी पातळ होते. ज्याला डाळ, गहू किंवा दूध खाऊन त्रास होतो त्याने ते अंगालाही लावू नये. बाकी सगळ्यांनी पहिल्या वेळी कोपराच्या आतल्या वळणावर थोडं लावून धुऊन टाकावं आणि दोन दिवस बघावं. लाली, खाज, पुरळ काही नसेल तर चेहऱ्याकडे वळावं.

आणि ज्या मुली मला हळूच विचारतात, "काकू, याने गोरी होईन ना?" त्यांना मी सरळ सांगते की नाही. त्वचेचा रंग खालच्या थरातल्या मेलॅनिनने ठरतो, आपलं पीठ तिथवर पोचत नाही आणि पोचूही नये. मळ आणि कोरडी खपली निघाली की चेहरा तुकतुकीत दिसतो, तो तुमच्या स्वतःच्याच रंगात. लग्न ठरलेल्या मुलीच्या आईने डाळीची पिशवी पुढे करताना "जरा उजळायला" असं म्हटलं की मला वाईट वाटतं, ते त्या मुलीच्या समोर म्हटलेलं असतं म्हणून. मी दळून देते, पण त्या मुलीकडे बघून तिला लावायची पद्धत सांगते, उजळायचं काही बोलत नाही.

न्हाणीघरातलं

धुताना मोरीच्या तोंडावर बारीक जाळी किंवा जुन्या पंचाचा तुकडा ठेवा. डाळीचं आणि तांदळाचं पीठ नळीत साचून गरम पाण्याने खळीसारखं घट्ट होतं. अंगाला जास्त लावलं असेल तर आधी कोरड्या पंचाने पीठ पुसून केराच्या डब्यात टाका, मग पाणी घ्या. तेल आणि साय सांडलेली फरशी फार निसरडी होते. लावायला बसण्याआधीच खाली रबरी पायपोस अंथरा, स्टुलावर बसूनच चोळा, आणि संपल्यावर फरशीवर कपडे धुवायची पावडर टाकून खराट्याने घासून मगच बाहेर या. तुमच्यानंतर आंघोळीला आजी-आजोबा जाणार असतील तर फरशी कोरडी झाली का ते पायाने तपासून बघा.